आधी मान बघा, मग गोल

कॅनडातल्या ओंटारियो हॉकी लीगचे, म्हणजे तरुण पोरांच्या आइस हॉकीचे सामने मी गोल मोजायला नाही, होतकरू खेळाडू हेरायला बघते. माझी नजर बचावपटूवर. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कोपऱ्यात गेला, पोरगं त्यामागे सुटलं. पोचायच्या आत त्यानं मान वळवून मागून कोण येतंय ते पाहिलं का? दोनदा पाहणारा माझ्या वहीत जातो. न बघता झेपावणारा पुढच्याच क्षणी मैदानाभोवतीच्या फळीवर आपटतो.

उंची-वजनाचं वेड मला पटत नाही. अंगकाठीनं लहान ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्यात) ७९ वा गेला. त्याच्या टॅम्पा बे संघानं २०२० आणि २०२१ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं, तेव्हा दोन्ही वर्षी प्लेऑफमध्ये (शेवटच्या बाद फेऱ्यांत) त्याचे १४-१४ गोल! वरचा क्रमांकही फसतो: १९९३ मध्ये ओटावा संघानं पहिला उचलला अलेक्झांडर डेग, तो अपेक्षेला उतरला नाही. त्याच्यामागून दुसरा गेलेला ख्रिस प्रॉन्गर आज हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत आहे.

आणि जन्मतारीख तर लोक बघतच नाहीत. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षीचा ड्राफ्ट. सोळा तारखेचा पोरगा वर्षभर थांबतो. म्हणजे यादीत शेजारी बसलेल्या दोघांत जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं. सतराव्या वर्षी ते फार असतं हो. ऑगस्टमध्ये जन्मलेला पोरगा यादीत सर्वांत लहानांपैकी असतो; त्याचे गुण (गोल आणि गोलला केलेली मदत) थोडे कमी असले, तरी मी त्यालाच वर ठेवते.