पेस्टिंगची संत्री

कापडातून गोल कापणं सोपं, तो गोल शिवणं कठीण. कड आत दुमडून गोधडीवर संत्र्याचा गोल तुकडा बसवायला घ्या, चार ठिकाणी कोपरे निघतात आणि संत्र्याचा बटाटा होतो. सुईच्या टोकानं कड आत सारत, अंगठ्यानं दाबत, एकेक टाका घालत जाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या हाताला माझा नमस्कार. पण मला ज्या कापडाची गोधडी करायची असते, ते कापडच त्या पद्धतीला दाद देत नाही.

घरातली जुनी सुती पातळं. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की कड दुमडायला जावं, तर नखाच्या दाबानंच धागे सुटायला लागतात. नव्या कापडाला खळ असते, ते घडी धरून बसतं. जुनं पातळ घडी धरतच नाही. हात सोडला की कड आपली मूळ जागी. आणि गोधडी तर जुन्याचीच करायची. नवं कापड आणून गोधडी करायची, तर मग सरळ दुकानातून रजाईच आणावी.

इथे पेस्टिंग कामाला येतं. शर्टाच्या कॉलरला, ब्लाउजच्या गळ्याला आतून लावतात तेच. आमच्या नागपुरात इतवारी-गांधीबागेकडे मीटरवर मिळतं. त्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरी बोटाला खरखरीत लागते. खरखरीत बाजूवर गोंदाचे बारीक ठिपके असतात, गरम इस्त्री फिरली की ते वितळून कापडाला धरतात. मी सगळ्यात पातळ असेल ते घेते. जाड घेतलं तर गोधडी अंगावर पडत नाही, उभी राहते.

गुळगुळीत बाजूवर पेन्सिलीनं गोल काढायचा. खरखरीत बाजू कापडाच्या सुलट बाजूवर टेकवायची आणि रेघेवरून बारीक टीप मारायची, सगळीकडून बंद, कुठेही तोंड न ठेवता. मग टिपेबाहेर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापड ठेवून (हीच माया) बाकीचं कापून टाकायचं. आता फक्त पेस्टिंग चिमटीत धरून कापडापासून उचलायचं आणि त्याला मधोमध चीर द्यायची. त्या चिरेतून सगळं उलटवायचं. विणायची सुई आत घालून टिपेच्या कडेकडेनं फिरवली की गोल असा फुगून येतो की वाटीनं पाडला असावा. माया आत गेली, कड शिवलेली, आणि गोंद आता मागच्या बाजूला, बाहेर. इस्त्री मात्र इतक्यात नाही, नाहीतर संत्रं गोधडीवर बसायच्या आधी टेबलावर बसतं. नखानं कड दाबायची, तुकडा जागेवर ठेवायचा, मग इस्त्री. टाचण्या लागत नाहीत, कच्चा टाका लागत नाही.

हे सगळं मे महिन्यात करू नये. कूलर लावला तर पेस्टिंग उडतं, बंद केला तर आपण उडतो.

महाल भागातली माझी मावशी बराच वेळ हे बघत होती. "काय करून राहिली व तू? हा तर ब्लाउजचा गळा उलटवला!" अगदी बरोबर. सुलटीवर सुलट, टीप, कात्रे, पलटी. गल्लोगल्लीचे टेलर हे रोज करतात. गळ्याला तोंड आयतंच उघडं असतं, गोलाला ते पाठीवर चीर देऊन करावं लागतं, एवढाच काय तो फरक. तरी मावशीच्या मते ही चलाखी झाली. तिकडे ओडिशात कापडावर कापडाची नक्षी शिवणारे पिपलीचे कारागीर, किंवा आपल्या जरीपटक्यातल्या सिंधी घरांत ज्या जुन्या रल्ल्या, म्हणजे सिंधी गोधड्या, असतात त्या करणाऱ्या बाया. त्यांनी कुठे पेस्टिंग लावलं? रल्लीत तर कापडाची घडी घालून कात्रीनं नक्षी पाडतात आणि तिची प्रत्येक कड बोटांनी दुमडत शिवतात. हे मला मान्य आहे. पण माझा जीव कापडावर आहे, पद्धतीवर नाही. विरलेल्या पातळाला कडेनं आधार मिळाला, तर ते आणखी काही हिवाळे काढेल.

खरी गोम टोकांची आणि खोबणींची. संत्र्याचं पान करताना टोकाशी एक आडवा टाका घालून वळावं, म्हणजे उलटवल्यावर टोकात गाठ बसत नाही. बदामाच्या खाचेत थेट टिपेपर्यंत कात्रा गेला पाहिजे. घाबरून अलीकडे थांबलात की तिथे चुणी पडलीच. तान्ह्या पोळ्याचा बैल करायला घेतला तेव्हा अंग छान उलटलं. शिंगं या रीतीनं होतच नाहीत, इतकी अरुंद नळी उलटवायची कशी? शिंगांना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी बरी. कागद लावलेलं दुहेरी गोंदाचं फ्यूजिंग मिळतं, त्यावर काढलेला बैल तोंड फिरवून चिकटतो आणि कडाही उघड्या राहतात. या रीतीत मात्र काढला तसाच उतरतो. डावीकडे बघणारा डावीकडेच बघतो.

गोधडी मऊ राहावी म्हणून उलटवल्यावर त्या चिरेतून मधलं पेस्टिंग कापून काढते, कडेला बोटभर पट्टी ठेवते. तेवढीच चिकटते, आधार तेवढाच हवा असतो. पण गोंदाच्या भरवशावर गोधडी धुवायला टाकू नये. कडेनं शिवावं लागतंच. मशीनची टीप दिसते म्हणून मावशीनं संत्री स्वतःकडे घेतली आणि लपत्या टाक्यानं शिवली. दोरा संत्र्याच्या रंगाचा, खालच्या कापडाच्या नव्हे, यावर ती ठाम होती.

तळाला तिच्या पेटीतलं मांजरपाट आहे, एम्प्रेस मिलचं म्हणते ती. १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलच्या जागी आता मॉल आहे, तेव्हा खरंखोटं कोणाला विचारणार! आता धावदोरा चाललाय. संत्र्याच्या कडेशी कापड, माया, पेस्टिंग आणि खालचे थर असे सगळे एकावर एक येतात, तिथे सुई अडते. मी अंगुस्तान घालून रेटत होते.

"वरून कशाला जाते? फेरा मारून जा ना," मावशी म्हणाली.




आता प्रत्येक संत्र्याभोवती धावदोऱ्याचे तीन-तीन फेरे पडताहेत आणि दोऱ्याचं रीळ संपत आलंय.