पंगतीत लागलेलं वळण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आला आणि मला वर्गाआधी आठवलं ते आपलं बोर्डिंग, कारण मोठ्यांशी कसं वागायचं, बरोबरीच्यांशी कसं बोलायचं हे मी तिथल्या पंगतीत शिकलो. आपली शाळा रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1919 ला कराडजवळच्या काले गावात ही संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, त्या काळात हे केवढं मोठं धाडस होतं ते आता वय झाल्यावर कळतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

तीच पद्धत आमच्यापर्यंत आली होती. पंगतीत जागा ठरलेली नसायची, मोठ्या वर्गातल्या पोरांनी आधी वाढायचं आणि मग बसायचं, शेवटच्या ताटात भाकरी पडेपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही, ताट ज्याचं त्यानंच घासायचं. रेक्टर सर पण आमच्यातच बसायचे आणि स्वतःचं ताट स्वतःच घासायचे, त्यामुळे आम्हाला वेगळं सांगावंच लागायचं नाही. भाकरी कच्ची राहिली म्हणून एकानं स्वयंपाकाच्या मावशींना उलट बोललं तर सरांनी त्याला ना मारलं ना ओरडले, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला मावशींसोबत चुलीपुढं बसवलं, पीठ मळायला. एवढ्या पोरांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे काय असतं ते त्यानं बघितलं, धुरानं डोळे लाल करून आला आणि त्यानंतर तोच मावशींचं पाणी भरायला सगळ्यात पुढं असायचा.

एक मेंढपाळाचा मुलगा आमच्यात नवीन आला, त्याच्या बोलण्याला पोरं हसायची. सरांनी भाषण नाही दिलं. श्रमदानात झाडांना काटेरी कुंपण घालायचं होतं, ते काम त्याच्या हातात दिलं आणि आम्हाला सांगितलं, हा सांगेल तसं करायचं. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, लावणाऱ्या घरातला पोरगा तो, काटे कसे रचायचे, दोर कसा आवळायचा सगळं त्याला येत होतं, आम्ही दिवसभर त्यालाच विचारत होतो. हसणं आपोआप बंद झालं.

आजकाल पोरांना थँक्यू, सॉरी, गुड मॉर्निंग लहानपणीच येतं, चांगलंच आहे ते, पण घरी कामाला येणाऱ्या ताईंना बसायला खुर्ची द्यावी हे आईबापच करत नसतील तर पोरगं कुठनं शिकणार? माझ्या घरी मी हट्टानं सगळ्यांना ताटं उचलायला लावतो, पाहुण्यांसमोर सुद्धा.

स्मरणिका समितीला एक विनंती आहे. शिक्षकांच्या यादीतच, त्याच अक्षरात, बोर्डिंगच्या मावशींची आणि शिपाई मामांची नावं छापा, वेगळा चौकोन नको. जुन्या हजेरीपत्रकात नावं सापडली नाहीत तर मला फोन करा, आमच्या बॅचच्या पोरांना ती पाठ आहेत.