नुवैबाच्या अलीकडचा नाका

इजिप्तच्या सहलीतलं कैरो, लक्सर, पिरॅमिड हे सगळं फेसबुकवर टाकून झालंय, ते इथे परत नको. सिनाई पर्वतही उरकते: 2285 मीटर उंची, मध्यरात्री चढायला सुरुवात, वर हाडं गोठवणारा वारा, सूर्योदय सुंदर, चहा महाग. मला लिहायचंय ते त्यानंतर लागलेल्या एका पोलिस नाक्याबद्दल. घरी येऊन इतके दिवस झाले तरी चिडचिड गेलेली नाही.

निघण्याआधी ठाण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी ‘सेफ आहे ना गं तिकडे?’ असं विचारलं होतं. त्यांचंही बरोबरच होतं. फेब्रुवारी 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष मुबारक सत्तेवरून गेले आणि पोलिसांचा धाकही त्यांच्याबरोबरच गेला. उत्तर सिनाईत पोलिस चौक्यांवर हल्ले झाले. लिबियात गद्दाफीची सत्ता पडल्यावर तिथली शस्त्रं वाळवंट ओलांडून इकडे पोचली. इस्रायल आणि जॉर्डनला गॅस नेणारी पाइपलाइन डझनाहून जास्त वेळा फोडली गेली. आणि आम्ही गेलो त्याच वर्षी, 5 ऑगस्ट 2012 ला, गाझाच्या सीमेवरच्या रफाहजवळ रोजा सोडायला बसलेल्या 16 सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी सैन्याचंच चिलखती वाहन पळवून इस्रायलच्या हद्दीत घुसले. तेव्हाचे नवे राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांनी आठवड्याभरात संरक्षणमंत्री तंतावींना घरी बसवलं. काकांनी या बातम्यांची कात्रणं काढून ठेवली होती, निघायच्या आदल्या दिवशी हातात दिली.

पण हे सारं उत्तरेला, भूमध्य समुद्राच्या बाजूला. आम्ही दक्षिणेत होतो. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीनच्या मठापासून समुद्रकाठच्या नुवैबा गावापर्यंत आम्ही एका बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या टोळीवाल्या, ड्रायव्हरची गाडी ठरवली. मुझैना टोळीचा, पन्नाशीचा, फार न बोलणारा माणूस. जुनी टोयोटा. सीट इतकी बसलेली की माझं डोकं जेमतेम खिडकीच्या काचेशी यायचं. नवऱ्याला गाडी आवडली, मला ड्रायव्हर.

नुवैबाच्या अलीकडे नाका आला. रस्त्यावर पिंपं, वाळूची पोती, आणि मिसरूडही न फुटलेली शिपाई पोरं. आमचे पासपोर्ट पाहिले मात्र, ‘अमिताभ बच्चन!’ सुरू झालं. साहेबांनी दोन खुर्च्या सावलीत मांडायला लावल्या, चहा मागवला. आणि ड्रायव्हरला गाडीतून उतरवलं. त्याचं ओळखपत्र कुणीतरी आत घेऊन गेलं. त्याला मागचं सगळं सामान रस्त्यावर काढायला लावलं: आमच्या बॅगा, त्याची घोंगडी, पाण्याचे कॅन, स्टेपनीसुद्धा. मग उन्हात उभं केलं. पाऊण तास. आमची बॅग कुणी उघडलीही नाही! नवऱ्याने खुर्ची सोडून त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचा प्रयत्न केला, तर एका पोराने त्याला अदबीने परत आणून बसवलं. मी साहेबांना विचारलं, यांनी काय केलंय? ते हसून इंग्रजीत म्हणाले, काही नाही, हे तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे.

माझ्या सुरक्षिततेसाठी! ज्याच्या भरवशावर मी डोंगरातून आले, त्यालाच माझ्यापासून दूर उन्हात उभं करून!

सामान परत भरताना ड्रायव्हर एक अक्षर बोलला नाही. बरंच पुढे आल्यावर, मोडक्या इंग्रजीत, म्हणाला की ती पोरं नाईलकाठची आहेत, त्या टेकडीमागून कुठली वाट कुठे जाते तेही त्यांना माहीत नाही. ज्याला चुकवायचंय तो वाडीतून, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, निघून जातो. रस्त्याने येणाराच सापडतो. त्याच्या टोळीतल्या पोरांना सैन्यात, पोलिसात कुणी घेत नाही. इस्रायलच्या सीमेवरच्या ताबामधल्या 2004 च्या बॉम्बस्फोटांनंतर सिनाईत लोकांना शेकड्यांनी उचललं होतं, ते तो विसरलेला नाही. मी धीर करून अपहरणांचं विचारलं. 2012 च्या फेब्रुवारीत याच भागात दोन अमेरिकन बायकांना पळवलं होतं, आणि काही तासांत सोडून दिलं होतं. तो म्हणाला, त्यांना तुमच्या बायका नको होत्या, आपली माणसं तुरुंगातून हवी होती. हे मला पटलं नाही. ज्यांना पळवलं त्यांच्यासाठी हा फरक काय कामाचा? पण मी गप्प बसले.

त्या पोरांच्या हातात जुन्या बंदुका का, याचा उलगडा मात्र मला नंतर वाचून झाला. इजिप्त आणि इस्रायलच्या 1979 च्या शांतता करारात सिनाईचे पट्टे पाडलेत. सुएझ कालव्यालगतच्या अ पट्ट्यात इजिप्तचं खरं सैन्य, मधल्या ब मध्ये सीमेवरच्या तुकड्या, आणि इस्रायलला लागून असलेल्या क मध्ये, म्हणजे नुवैबा, दहाब, ताबा जिथे आहेत तिथे, फक्त हलक्या हत्यारांचे पोलिस आणि एक बहुराष्ट्रीय फौज. त्या फौजेत फिजी आणि कोलंबियाचे जवानसुद्धा आहेत. ऑगस्टच्या हल्ल्यानंतर इजिप्तने सिनाईत रणगाडे आणले तर इस्रायलने लगेच हरकत घेतली. सरकार पडलं, राष्ट्राध्यक्ष बदलला, पण आपल्याच जमिनीवर रणगाडा न्यायला शेजाऱ्याला विचारणं काही सुटलं नाही. मग जो हाताशी असेल त्याच्यावर रुबाब करायचा. (हे माझं मत. नवऱ्याच्या मते साहेबांना फक्त कंटाळा आला होता.)

नुवैबाच्या किनाऱ्यावर गवती झोपड्यांचा कॅम्प होता. बाथरूम भयंकर. जेवण मात्र, अहाहा! निखाऱ्यांच्या राखेत पुरून भाजलेली जाड लिब्बा, म्हणजे बेदुइनांची रोटी, राख झटकून हातात दिली तेव्हा आजोळचा रोडगाच आठवला. पाट्या हिब्रूत, गिऱ्हाईक शून्य. इथे पूर्वी इस्रायली पोरं आठवडेच्या आठवडे पडून असायची, मालक त्यांच्याशी हिब्रूत बोलायचा. आम्ही गेलो तेव्हा तिकडचं सरकार सारखं ‘सिनाईत जाऊ नका’ म्हणून सांगत होतं. आम्ही ड्रायव्हरला जेवायला थांबवलं, तर त्याने आमच्या आधी मालकाच्या हातावर पैसे ठेवले. वाद घालून उपयोग झाला नाही.

तिथून बोटीने जॉर्डनमधलं अकाबा. परदेशी माणसाला तेव्हा तिकीट डॉलरमध्ये होतं, आणि बोट कधी सुटणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ईद संपवून कामावर परत निघालेले इजिप्शियन मजूर ब्लँकेटांच्या गाठोड्यांवर झोपले होते, आम्हीही तेच केलं.

अकाबाचा टॅक्सीवाला पहिल्या सिग्नललाच सुरू झाला. कैरोच्या तहरीर चौकात मुबारकांविरुद्ध उतरलेल्या पोरांबद्दल त्याला प्रेम होतं, पण सिनाईतल्या पाइपलाइनचा विषय निघताच तो स्टिअरिंगवर हात आपटायला लागला. तो गॅस तेव्हा समुद्राखालून याच गावात यायचा. तो तुटला की जॉर्डनला वीजकेंद्रं महागड्या तेलावर चालवावी लागायची आणि सरकार कर्जात बुडायचं. आता बघा, म्हणाला, आमच्या खिशात हात घालतील. आम्ही परतल्यावर, 13 नोव्हेंबरला, खरंच सरकारने इंधनावरची सबसिडी काढली. स्वयंपाकाचा साडेसहा दिनारांचा सिलिंडर 10 दिनारांवर गेला आणि गावोगाव लोक रस्त्यावर आले. काहींनी तर थेट राजाविरुद्ध घोषणा दिल्या. काकांनी तेही कात्रण काढून ठेवलंय.