तांब्याचा बोअर आणि सातबाऱ्यावरचं ‘झुडपी जंगल’

चंद्रपूर जिल्ह्यात तांब्यासाठी बोअर मारायचे असतील, तर रिगचा करार करण्याआधी प्रत्येक बोअरच्या जागेचा सातबारा हातात घ्या आणि त्यावर ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द आहेत का ते पाहा. ही नोंद असली की महसुली जमीनही कायद्याने वन ठरते. आमच्या पूर्वेक्षणाचा, म्हणजे खनिज शोधण्याच्या कामाचा, सगळ्यात मोठा वेळ या दोन शब्दांनी खाल्ला. तालुका पातळीवरच्या एका कार्यालयातून एका पानाचं उत्तर यायचं होतं. ते येईपर्यंत कोरडा हंगाम सरला आणि बांध्यांत पुन्हा पाणी साचलं. उभ्या रिगचं भाडं रोज चढतं, हे सांगूनही फाइल टेबलावरून हलली नाही. त्याचा राग अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधीचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते सुरळीत झालं. पोंभुर्णा तालुक्यातल्या थानेवासनाचं तांबं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कामामुळे आमच्या क्षेत्रात जुनंच माहीत आहे. बस्तर क्रेटॉनच्या (प्राचीन, स्थिर भूखंडाच्या) पश्चिम कडेचा ग्रॅनाइटी खडक, त्यात सरकपट्ट्यातून घुसलेल्या क्वार्ट्झ-क्लोराइटच्या शिरा आणि त्या शिरांत चालकोपायराइट हे तांब्याचं सल्फाइड खनिज. या भागात कुठेही शोध घ्या, नमुना हाच धरून चालावं लागतं. बालाघाटच्या मलाजखंडला १९८२ पासून उघडी खाण चालली. तिथे क्वार्ट्झचा रीफ (जाड शिरेचा पट्टा) टेकडी होऊन जमिनीवर उभा होता. आपल्याकडे शिरा धानाच्या बांध्यांखाली आणि झुडपांखाली असतात. वर दिसतो तो फार तर नाल्याच्या काठावर मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा डाग. त्यामुळे बोअरशिवाय इलाज नाही, आणि बोअर म्हटला की जमीन आली.

जमिनीत वीजप्रवाह सोडून सल्फाइडचा माग काढणाऱ्या आयपी सर्वेक्षणाबद्दल एकच सांगतो. काळ्या मातीचा थर जाड असेल तर सोडलेला प्रवाह वरच्या वरच पसरतो, खाली पुरेसा जात नाही. इलेक्ट्रोडमधलं अंतर वाढवावंच लागतं. शिवाय पायराइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, हाही तांब्याच्या सल्फाइडइतकाच ठळक संकेत देतो. नकाशावरच्या लाल ठिपक्याला तांबं समजून गावात बोलू नका.

आता झुडपीकडे. ही भानगड पूर्व विदर्भाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या नावाने नोंदलेली आहे. मध्य प्रांताच्या काळापासून गावच्या चराईला आणि निस्ताराला (सरपण, लाकूडफाटा अशा गरजांना) सोडलेली, झुडपं असलेली जमीन. १९५६ नंतर ती मुंबई राज्यात आली, मग महाराष्ट्रात, आणि महसुली कागदांत नोंद तशीच राहिली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्यात काम केलेल्या माणसाला ई-क्लास जमिनीची सवय असते. तो इथे येऊन झुडपीलाही तसंच गायरान समजतो. तसं समजू नका. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वन कशाला म्हणायचं याबद्दलच्या स्वतःच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाच्या आधारे, झुडपी जंगल हे वनच धरायचं, असा निकाल दिला. तेव्हापासून जागेवर एकही झाड नसलं, नुसती तरवडाची चार झुडपं आणि गुरांची वाट असली, तरी कागदासाठी ते जंगल आहे.

अडचण अशी की ही जमीन महसूल खात्याच्या दप्तरात आहे आणि कायदा वनखात्याच्या हातात. तहसील म्हणतं, नोंद झुडपीची आहे, वनखात्याचा अभिप्राय आणा. वनपरिक्षेत्र कार्यालय म्हणतं, हा नंबर आमच्या कोणत्याच कक्षात नाही, महसूलकडे जा. दोघांचंही म्हणणं आपापल्या दप्तरापुरतं खरं असतं. मध्ये फाइल ‘अभिप्राय सादर करावा’ एवढ्या एका ओळीवर इकडून तिकडे फिरत राहते. मला सगळ्यात जास्त चीड आली ती या ओळीची. ती लिहिणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही आणि वाचणाऱ्यालाही.

गाठ सुटली ती अर्जाची भाषा बदलल्यावर. ‘बोअर मारण्यास परवानगी मिळावी’ असा अर्ज केला की प्रत्येक जण दुसऱ्याचा अभिप्राय मागतो. त्याऐवजी अमुक भूमापन क्रमांकाच्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागा: सातबारा, निस्तार पत्रक, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि गावनकाशा. नकलेची फी भरता येते, पावती मिळते, आणि नक्कल देणाऱ्याला स्वतःचं मत द्यावं लागत नाही. हे चार कागद एकत्र लावले की नोंद कधी आणि किती क्षेत्रावर झाली ते दिसतं. मग वनखात्याला वेगळं पत्र द्या आणि त्यात एकच प्रश्न ठेवा: हा नंबर राखीव, संरक्षित किंवा वनविकास महामंडळाकडच्या वनात आहे का, हो किंवा नाही. दोन्ही पत्रं एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याची प्रत जोडा. एकाच्या उत्तराची वाट पाहून दुसरं पत्र देणं हाच वेळ जाण्याचा मुख्य मार्ग आहे.

निस्तार पत्रक मागताना तालुक्यालाच थांबू नका. बऱ्याच गावांची जुनी दप्तरं जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असतात. आणि कोतवालाला सोबत घ्या. सातबाऱ्यावर नंबर बदललेले असतात, पण ‘हे तं जुनं सतरा नंबर हाय जी, बोडीच्या वरचं’ हे त्यालाच माहीत असतं.

नकाशाची बाब स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण चांगल्या टीमही इथे फसतात. आपल्याकडचे जुने गावनकाशे मैलाला सोळा इंच या मापाचे, म्हणजे १ः३९६०. कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ चार मीटर. शाईची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, कापडावर चिकटवलेला कागद ताणलेला असतो, आणि त्याची स्कॅन प्रत जुळवताना आणखी फरक पडतो. बोअरचा बिंदू झुडपीच्या हद्दीपासून दहा-पंधरा मीटरवर असेल, तर तो आत की बाहेर हे संगणकावर ठरवू नका. भूमी अभिलेखकडे मोजणीची फी भरा, वनरक्षक आणि तलाठ्याला हजर ठेवा आणि मोजणीची ‘क’ प्रत घ्या. एका नंबरचा काही भाग मालकीचा आणि काही झुडपी असेल, तर ‘क’ प्रतीशिवाय कुणीही सही करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

हद्दीचे निर्देशांकही तपासा. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट या आधारावर आहेत, वनपरवानगीच्या परिवेश पोर्टलला जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ हा आधार लागतो. रूपांतर न करता बिंदू उचलला तर तो शंभर मीटरहून जास्त सरकू शकतो. मालकीच्या वावरातला बोअर मग वनखात्याच्या पडद्यावर जंगलात दिसतो आणि खुलासा आपल्याला द्यावा लागतो.

‘मग बोअर थोडा सरकवा ना’ असं सगळेच सुचवतात. सरकवता येतो, पण त्याचा हिशेब मांडून. शीर जवळपास उभी आहे आणि बोअर ५० अंशांत तिरपा आहे असं धरा. त्याच छेदरेषेवर (शिरेला आडव्या जाणाऱ्या बोअरच्या ओळीवर) ३० मीटर मागे गेलात की शिरेपर्यंत पोचायला सुमारे ४७ मीटर जास्त ड्रिलिंग लागतं आणि शीर ३६ मीटर अधिक खोल भेटते. म्हणजे वरच्या पातळीवर शीर किती जाड आहे हा प्रश्न तसाच राहतो. कोन कमी करून खोली तीच ठेवता येते, पण ४५ अंशांच्या खाली गेलं की रॉडचा भार खालच्या बाजूला येतो आणि बोअर वाकायला लागतो. छेदरेषेला आडवं सरकलात तर बोअरमधलं अंतर विस्कटतं आणि साठ्याची श्रेणी ठरवताना तोच मुद्दा निघतो. माझं मत: मागेपुढे दहा मीटरपर्यंत बिनधास्त सरकवा, त्यापलीकडे भूवैज्ञानिकाची लेखी सही हवी.

जागा खरोखर झुडपीत किंवा वनात येत असेल तर पळवाट शोधू नका. वन कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने पूर्वेक्षणाला अटींसह बिगर-वन वापर न मानण्याची सोय आली आहे. पण तुम्ही त्या अटींत बसता, हे उपवनसंरक्षकांच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी ‘करा सुरू’ वर रिग आत नेली की पहिल्या पंचनाम्यात ती जप्त होते. बोअरची संख्या, व्यास, रिग नेण्याची वाट, तोडावी लागणारी झुडपं हे सगळं अर्जात लिहा. वाट शक्यतो जुन्या पांदणीनेच ठेवा. आणि या पट्ट्यात वाघ आहे. रात्रपाळी लिहूच नका, पहाटे मजुरांना पायी पाठवू नका.

मालकीच्या वावरात गोष्टी खूप सोप्या आहेत, फक्त वेळ पाळा. धान निघाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी आत शिरा आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी बाहेर पडा. भरपाई पिकापुरती ठरवू नका. फोडलेला धुरा (बांध) पुन्हा बांधून देणं आणि बांधी सपाट करून देणं हे करारनाम्यात घाला. धुरा नीट बसला नाही तर पुढच्या पावसात पाणी थांबत नाही आणि शेजारचा शेतकरी दुसऱ्या बोअरला नाही म्हणतो. सांडपाण्याच्या खड्ड्याला जाड प्लास्टिक अंथरा. पाणी बोडीतून (गावच्या लहान तळ्यातून) उचलायचं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. मार्चनंतर मागूच नका, टँकर आणा.

ड्रिलिंगमध्ये तांब्याची हमखास अडचण कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा खडकाचा दांडा, हरवण्याची. ग्रॅनाइट अखंड निघतो, पण तांबं जिथे असतं तो क्लोराइटचा पट्टा मऊ आणि चुरलेला. पाणी जोरात असलं तर तो धुऊन जातो आणि नेमकं धातूचंच मीटर बॉक्समध्ये रिकामं राहतं. तिथे तीन मीटरची रन (एका खेपेत खोदायची लांबी) दीड मीटरवर आणा, पाण्याचा दाब कमी करा, शक्य असेल तर चुरलेला कोअर आतल्या नळीत सांभाळणारी ट्रिपल ट्यूब लावा. धातूच्या पट्ट्यात ९० टक्क्यांपेक्षा कमी कोअर मिळाला तर तो बोअर आकडेमोडीत टिकत नाही. कोअर ओला करून उन्हात धरा: हिरव्या-काळ्या क्लोराइटमध्ये पितळी पिवळे धागे आणि ठिपके दिसतात. चाकूने खरवडलं आणि हिरवट-काळी भुकटी निघाली तर चालकोपायराइट. चाकू घसरला तर पायराइट.

एनक्यू मापाचा कोअर लांबीने अर्धा कापला की एका मीटरचा नमुना सुमारे अडीच किलो भरतो. उरलेला अर्धा कधीही फेकू नका. तपासणीला दहा टक्के नमुने दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा आणि नमुन्यांच्या मालिकेत, तांब्याचं प्रमाण आधीच माहीत असलेले प्रमाणित नमुने मिसळा. बोअरचा कल आणि दिशा दर ३० मीटरला कॅमेऱ्याने मोजा. शेवटी एकदाच मोजून चालत नाही.

जी-४ या शोधाच्या पहिल्या टप्प्यापासून वर सरकत साठा सिद्ध झाला आणि खाणपट्ट्यासाठी जंगलजमीन वळवायची वेळ आली, की वनहक्क कायद्याचा ठराव लागतो. तो गट ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर चालत नाही. त्या त्या गावाची ग्रामसभा हवी, निम्म्याहून कमी सभासद नकोत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. मळणीच्या दिवसांत सभा लावली तर गणपूर्ती होणार नाही. सभेत गावाला काय मिळणार हे विचारतातच, तेव्हा गोल उत्तर देऊ नका. तांब्याची रॉयल्टी लंडनच्या धातू बाजारातल्या भावाच्या ४.६२ टक्के, तीही खनिजातल्या तांब्यावर; लिलावातल्या पट्ट्यात त्या रॉयल्टीच्या दहा टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. हा हिशेब फळ्यावर मांडा. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे लोकांना कायदा तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतो.

एक राहिलं. बोअर संपला की तो सिमेंटने तोंडापर्यंत बंद करा, वर क्रमांक, खोली आणि तारीख कोरलेला काँक्रीटचा खांब बसवा आणि त्याचा अक्षांश-रेखांशासह फोटो तलाठी व वनरक्षक दोघांनाही पोच घेऊन द्या. पुढच्या हंगामात त्याच नंबरवर दुसरा बोअर मागाल, तेव्हा जुनी जागा पूर्ववत केली का, हा पहिला प्रश्न येतो, आणि ही पोच जोडलेली असली की फाइल त्या प्रश्नासाठी परत येत नाही.