निळा धूर, ओलं इंजिन आणि टर्बोचा रिटर्न पाइप

गाडीनं निळा धूर सोडला की पहिलं वाक्य कानावर येतं ते "टर्बो गेला". टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. मलाही तेच ऐकवलं गेलं. गाडी सेकंड हँड घेतलेली, टर्बो डिझेल. नाशिक-मुंबई ये-जा वाढली तसं ऑईल कमी व्हायला लागलं, पार्किंगमध्ये फरशीवर डाग पडायला लागले, आणि द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये बराच वेळ उभं राहून निघालं की मागे निळसर लोट. एका मोठ्या वर्कशॉपनं गाडी लिफ्टवर न घेताच नव्या टर्बोचं एस्टिमेट हातात दिलं, पन्नास हजारांच्या घरातलं. काय तपासलं, याची एक ओळही त्यात नव्हती. मी सही न करता गाडी घेऊन आलो.

अंबड लिंक रोडवरच्या एका छोट्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "धूर नेमका कधी येतो, भाऊ?"

मी सांगितलं: कसारा घाट चढताना येत नाही, सकाळच्या पहिल्या स्टार्टलाही नाही. गाडी बराच वेळ आयडलवर राहिली आणि मग रेस दिली की येतो.

"मग रिंग आणि व्हॉल्व्ह सीलला आत्ता हात लावायचा नाही," ते म्हणाले.

कारण सरळ आहे. निळा धूर म्हणजे आत जळणारं ऑईल. पिस्टनभोवतीच्या रिंग झिजल्या असतील तर चढावर, लोड आला की निळा धूर दिसतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑईल आत जाऊ न देणारे सील गेले असतील तर रात्रभर ऑईल आत झिरपतं आणि सकाळी स्टार्ट करताच धूर निघून थोड्या वेळात थांबतो. आयडलनंतर रेस देताच येणाऱ्या धुरात संशय टर्बोकडे जातो. (काळा धूर हा वेगळा विषय: हवा कमी किंवा डिझेल जास्त, बरेचदा टर्बोकडून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटलेला होज. पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं पॅकिंग, बघायचं.)

बाहेरची गळती आणि आत जळणारं ऑईल ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, म्हणून आधी बाहेरचं बघितलं. वारा ऑईल मागे आणि खाली पसरवतो, त्यामुळे थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. इंजिन डीग्रीझरनं धुतलं, वाळवलं, संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवली आणि पाथर्डी फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो. इंजिनच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर कोरडं, ऑईल फिल्टरची बैठक कोरडी. टर्बोला ऑईल देणाऱ्या बारीक पाइपच्या बोल्टखालून मात्र पांढऱ्या पावडरीत एक काळसर ओघळ स्पष्ट उतरला होता. तिथले तांब्याचे वॉशर दबून चपटे झाले होते. फरशीवरचे डाग तिथले.

मग धुराचा शोध. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झाकणातून बाहेर येणारा गॅसचा झोत, फार नव्हतं आणि तो गॅस बाहेर नेणारा ब्रीदर पाइप मोकळा होता. ही तपासणी टाळू नये, कारण क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, दाब वाढला तर चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही ऑईल बाहेर पडतं. इंजिन थंड झाल्यावर टर्बोचा हवेचा पाइप काढून मिस्त्रींनी शाफ्ट चिमटीत धरला. बाजूला किंचित हलला, तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्या टर्बोतही असतो. आत-बाहेर हलला नाही, आणि पाती कुठे घासल्याची खूणही नव्हती.

राहिला टर्बोतलं ऑईल परत इंजिनात नेणारा रिटर्न पाइप. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, त्याला ऑईल प्रेशरनं मिळतं. पण परत जातं ते केवळ उतारानं. म्हणून हा पाइप जाड असतो आणि पूर्ण मोकळा लागतो. आमचा काढला तेव्हा जोडाच्या फ्लँजच्या तोंडाशी लाल सिलिकॉनचा घट्ट गोळा होता. आधी कुणीतरी गॅस्केटऐवजी पेस्ट लावून बोल्ट आवळले होते आणि ती आत दबून निम्म्याहून जास्त भोक बुजलं होतं. उरलेल्या जागेत जळलेल्या ऑईलची काळी खपली. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं तो गोळा उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. ऑईल परत जायला वाट नाही, म्हणून ते टर्बोतच साचत होतं. आयडलवर टर्बोच्या शाफ्टच्या दोन टोकांना असलेल्या पात्यांच्या चाकांकडे दाब कमी असतो, तेव्हा ते सीलमधून सायलेन्सरकडे आणि इंटरकूलरकडे जात होतं.

पाइप साफ करून मूळ मापाचं गॅस्केट बसवलं, पेस्ट अजिबात नाही. टर्बोला ऑईल देणाऱ्या पाइपचे वॉशर नवे, ऑईल आणि फिल्टर नवे. इंटरकूलर उतरवून रिकामा केला, तर बरंच ऑईल निघालं. हे काम कुणी वाचवू नये. डिझेल इंजिन ते ऑईल ओढून त्यावरच पळत सुटू शकतं, आणि तेव्हा चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

सगळं मिळून खर्च एस्टिमेटच्या दहाव्या हिश्शाहून कमी आला. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळेपर्यंत सुरुवातीला थोडा धूर येत राहिला, इगतपुरीपर्यंतच्या फेरीत तोही संपला. डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) अजून दर आठवड्याला बघतो, सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबून. घाट चढून थांबलो की मिनिटभर आयडल ठेवून मगच चावी फिरवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑईल जळून पुन्हा खपली धरत नाही.