चार आणि नऊ : मोरानच्या बाजारातील एका वर्षाची नोंद

कोरियातील माझ्या वास्तव्याचे हे चौथे वर्ष आहे आणि 'ओइलजांग', म्हणजे दर पाचव्या दिवशी भरणारे बाजार, पाहण्याच्या छंदाचे दुसरे. पहिल्या वर्षी मी सात वेगवेगळे बाजार पाहिले होते. २०२५ मध्ये मात्र सोंगनाम शहरातील मोरान या एकाच बाजारात पंधरा वेळा गेले. हा बदल मी विचारपूर्वक केला होता आणि त्यातून काय हाती लागले, ते याच नादात असलेल्या मंडळींसाठी सविस्तर लिहीत आहे.

परक्या देशात पहिल्या वर्षी कुतूहल टिकवावे लागत नाही, कारण दुकानाची प्रत्येक पाटी वाचून पाहावीशी वाटते. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले की मेट्रो, कार्यालय, कोपऱ्यावरचे चोवीस तास उघडे दुकान आणि बाराव्या मजल्यावरचे घर एवढ्यातच माझा आठवडा संपतो आणि त्यात मी एकही पाटी वाचलेली नसते. तेव्हा उपाय म्हणून मी नवनवे बाजार शोधत होते. यांगप्योंगला ३ आणि ८ तारखांना गेले, गांगवोन प्रांतातील जोंगसोनला २ आणि ७ तारखांना गेले, तिथे बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचे भाजी भरलेले घावन खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. सगळीकडे आनंद झाला, पण घरी आल्यावर वहीत लिहिण्यासारखे फारसे नसे. बाजारात एकदाच गेले की काय आहे तेवढे दिसते. गेल्या खेपेला काय होते आणि आज काय नाही, हे कळायला तिथे परत परत जावे लागते. माझे घर सुवोनला आहे आणि तिथून सुइन-बुंदांग मार्गाने गाडी न बदलता मोरानला पोहोचता येते, म्हणून मी मोरान निवडले.

आपल्याकडचा आठवडी बाजार वारावर चालतो, म्हणून सोमवारचा बाजार सोमवारीच भरतो. कोरियातील बाजार तारखेच्या शेवटच्या अंकावर चालतो. मोरानचे अंक ४ आणि ९, म्हणजे महिन्याच्या ४, ९, १४, १९, २४ आणि २९ या तारखा. शेजारच्या गावांचे अंक वेगळे असतात. त्यामुळे फिरता व्यापारी आज एका गावात, उद्या दुसऱ्या गावात असे करत पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्या गावी येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर असे हजाराहून अधिक बाजार भरत. नोकरी करणाऱ्याला मात्र या हिशोबाची थोडी अडचण होते. २०२५ मध्ये मोरानचा बाजार शनिवारी किंवा रविवारी आला असे दिवस फक्त एकोणीस होते. मी जानेवारीतच ते दिनदर्शिकेवर लाल पेनाने गोल करून ठेवले आणि त्यांतले चौदा साधले. पंधरावी फेरी मंगळवारची होती, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

९ मार्चला पहिला मोठा फरक दिसला. फेब्रुवारीत ज्या आजी वाळवलेल्या मुळ्याचा पाला विकत बसल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात आता 'नेंगी' आणि 'दाल्ले', म्हणजे एक प्रकारचा रानकांदा, होते. नेंगी ही जमिनीलगत पसरणारी रानभाजी असून तिची चव मुळात असते, म्हणून ती मुळासकट विकतात. मी मुळे तोडून देता का असे विचारले, तेव्हा आजींनी एक मूळ नखाने खरवडून माझ्या नाकाशी धरले. ओल्या मातीचा आणि त्याखाली किंचित तिखट असा तो वास मला अजून आठवतो. १९ एप्रिलला त्याच जागी 'दुरुप'चे काटेरी कोंब आले होते आणि नेंगी पार नाहीशी झाली होती. पहिल्या पावसानंतर शेवळे आणि टाकळा यांची वाट पाहणाऱ्या घरात मी वाढले आहे. चार-दोन आठवड्यांतच मिळणाऱ्या भाजीची ओढ काय असते, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. इथे ती ओढ पावसाऐवजी बर्फ वितळण्याशी जोडलेली आहे, एवढाच फरक.

या वर्षीच्या वहीत सर्वांत जास्त पाने मोजण्याच्या शब्दांनी भरली आणि त्याची सुरुवात एका चुकीने झाली. १४ जूनला नवा लसूण आला होता. कोरियनमध्ये ताटलीला 'जोपशी' म्हणतात. पुठ्ठ्यावर लिहिलेला 'एक जोप' हा भाव मी 'एक ताटलीभर' असा वाचला आणि पैसे देऊन मोकळी झाले. विक्रेत्याने पाल्यासकट बांधलेला लसणाचा भारा माझ्या हातात ठेवला, कारण 'जोप' म्हणजे शंभर गड्डे. तो भारा मेट्रोतून घरी आणून गॅलरीत टांगला. त्याच रात्री वहीत वेगळे पान काढले आणि तेव्हापासून ऐकलेला प्रत्येक मापाचा शब्द त्यावर लिहिते. समुद्री शेवाळाचे शंभर कागद म्हणजे एक 'थोत', सुकवलेले वीस माकूळ म्हणजे एक 'छुक', दहा-दहाच्या दोन ओळींत ओवलेले वीस मासे म्हणजे एक 'दुरुम'. मिरची आणि मांस ज्या 'गुन'ने मोजतात तो ६०० ग्रॅमचा, भाजीचा गुन ४०० ग्रॅमचा. धान्याचे 'द्वे' हे चौकोनी लाकडी माप सुमारे १.८ लिटरचे आणि असे दहा द्वे मिळून एक 'मल' होतो. जुडी, कोडी, शेकडा, पायली, कोळणीकडचा वाटा असे शब्द ज्यांच्या कानावर आहेत, त्यांना ही वही परकी वाटणार नाही. यात मला सर्वांत आवडलेला शब्द 'सोन', म्हणजे हात. खारवलेल्या बांगड्याच्या जातीचे दोन मासे म्हणजे एक हात. विक्रेती एक मोठा मासा घेते, अंगठ्याने त्याचे चिरलेले पोट उघडते आणि धाकटा मासा त्यात असा बसवते की दोन्ही मिळून एकच मासा दिसावा. मग ती जोडी एका मुठीत उचलून पिशवीत घालते. माप आणि माशाचा आकार एकाच मुठीत बसलेले पाहिल्यावर शब्द पाठ करावा लागत नाही.

आता मंगळवारची फेरी. नागपंचमी २९ जुलैला होती आणि त्या दिवशी मोरानचा बाजारही होता. असा योग पुन्हा लवकर येईलच असे नाही, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. कोरियात ज्वारी पिकते, तिला 'सुसू' म्हणतात आणि ती लालसर असते. बाजारात एक द्वे सुसू घेऊन मी 'प्पोंगत्विगी'वाल्याकडे, म्हणजे दाबाच्या पिंपात धान्य फुलवून देणाऱ्याकडे, गेले. तिथे धान्याचे डबे रांगेत मांडलेले होते, कुणाचा तांदूळ, कुणाचा मका, कुणाचे वाळवलेल्या तांदळाच्या वड्यांचे तुकडे, आणि मालक आपापला नंबर येईपर्यंत बाकावर बसले होते. लोखंडी पिंप आगीवर फिरत होते. साधारण दहा मिनिटांनी त्या गृहस्थांनी दाबाच्या काट्याकडे पाहिले, पिंपाचे तोंड जाळीच्या पिंजऱ्यात वळवले आणि "प्पोंगियो!" अशी हाक दिली. सगळ्यांनी कान झाकले. धाडकन आवाज झाला, पांढरी वाफ अंगावर आली आणि तिच्यामागोमाग भाजलेल्या ज्वारीचा तोच वास आला, जो आमच्या घरी श्रावणात येतो. लाह्या आपल्यासारख्या फुललेल्या नव्हत्या, थोड्या लहान आणि तांबूस होत्या, पण लाह्याच होत्या. बाकावरच्या बाईंनी हे कशासाठी म्हणून विचारले. आमच्याकडे आज नागाची पूजा करून या खातात, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी मूठभर घेतल्या, दोन्ही हातांत धरून वास घेतला आणि मग खाल्ल्या. उरलेल्या सुसूचे पीठ दळून आणले, मात्र ही ज्वारी चिकट जातीची असल्यामुळे भाकरी थापता येत नाही, पीठ परातीला धरून बसते. तिचे इथे करतात तसे लालबिन्सचे गोड पुरण भरलेले, तव्यावर परतलेले 'सुसू-बुक्कुमी' करावे, ते उत्तम होते.

२४ ऑगस्टला बाजाराचा एक अख्खा भाग लाल झाला होता. आपल्याकडे वर्षाचे तिखट पावसाच्या आधी कांडून ठेवतात. इथे मिरचीचे पीक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाती येते आणि नोव्हेंबरच्या किमचीसाठी तेव्हाच खरेदी होते. उन्हात वाळवलेल्या मिरचीला 'थेयांगछो' म्हणतात आणि ती यंत्रात वाळवलेल्या मिरचीपेक्षा महाग असते. देठ पिवळसर आहे का आणि उजेडात धरल्यावर साल आरपार दिसते का, हे पाहावे असे मला शेजारच्या गिऱ्हाइकाने शिकवले. बाजारातल्या गिरणीत बिया काढायच्या का, किती बारीक दळायचे, हे विचारूनच दळतात. तिथे उभे राहिल्यावर आलेली शिंक आणि कांडप यंत्रापाशी येणारी शिंक यांत मला काही फरक जाणवला नाही.

४ ऑक्टोबरची फेरी छुसोक या सुगीच्या मोठ्या सणाच्या दोन दिवस आधीची असल्याने गर्दीत निरीक्षण फारसे झाले नाही. ९ नोव्हेंबरला खारवलेल्या जवळ्याची पिंपे आणि कोबीचे ढीग होते. किमजांगविषयी, म्हणजे हिवाळ्यासाठी एकत्र किमची घालण्याच्या प्रथेविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे, २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंदही घेतली आहे, म्हणून इथे एवढेच सांगते की जवळ्याच्या पिंपांवर महिन्यांची नावे असतात आणि चांद्रवर्षाच्या सहाव्या महिन्यात धरलेला 'युकजोत' सर्वांत महाग असतो.

नव्याने हा छंद धरणाऱ्यांना पद्धतीविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, फोटो आधी न काढता खरेदी आधी करावी आणि मग विचारून फोटो काढावा. मी वर्षभर आजींच्या हातांचे फोटो काढले, चेहऱ्याचा एकही नाही, आणि त्यामुळेच त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या असे मला वाटते. दुसरी, हाक मारायला शिकावे. खानावळीतील बाईंना इथे 'इमो' म्हणतात, म्हणजे आईची बहीण. अनोळखी बाईला मावशी म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द पहिल्याच दिवशी जिभेवर बसतो. भाजीवाल्या आजींना मात्र मी 'ओमोनिम', म्हणजे आईसाहेब, म्हणते, कारण 'हालमोनी', म्हणजे आजी, म्हटल्यावर त्यांचा चेहरा किंचित उतरलेला मला दिसला होता.

१४ डिसेंबरला, वर्षाच्या शेवटच्या फेरीला, मुळ्याचा वाळलेला पाला पुन्हा त्या नेंगीवाल्या आजींच्या पुढ्यात आला होता. या वेळी तो कसा उकडायचा आणि वरची साल कशी सोलायची हे मी विचारले, आणि त्यांनी एक देठ पाण्यात भिजवून तिथेच सोलून दाखवले. येत्या वर्षी मोरान चालूच राहील. शिवाय १७ जानेवारीच्या शनिवारी दक्षिणेकडच्या सुनछोनचा, २ आणि ७ तारखांचा 'आरेतजांग', म्हणजे खालचा बाजार, पाहायचा आहे, कारण तिथल्या मासळीच्या मापांचे शब्द माझ्या वहीत अजून नाहीत. फेब्रुवारीला २९ तारीख नसल्यामुळे मोरानचा बाजार २४ नंतर थेट ४ मार्चला, म्हणजे आठ दिवसांनी भरेल. त्या आठ दिवसांत नेंगी उगवून येते का, हे पाहण्यासाठी दोन्ही तारखांना अर्ध्या दिवसाची रजा मागितली आहे.