सरांची शेड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं. संस्था कशी उभी राहिली, जागा कुणी दिली, वसतिगृह कधी झालं हे इतर जण लिहितीलच. मला लिहायचंय ते मागच्या पत्र्याच्या शेडबद्दल आणि तिथल्या आपल्या सरांबद्दल. पोलिओ झालेली मुलं वर्गापर्यंत चालत आली ती त्यांच्यामुळे.

कॅलिपर म्हणजे कमजोर पायाला उभं राहायला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि त्या पायाला बांधणारे चामडी पट्टे. त्याचं माप सर स्वतः घेत. मुलाला ब्राऊन पेपरवर निजवून, पेन्सिल अगदी उभी धरून पायाची रेघ काढायची. पेन्सिल तिरकी झाली की माप चुकलंच. वरचा पट्टा जांघेच्या इंचभर खाली हवा, नाहीतर बसताना रुततो. पट्टीचा सांधा गुडघ्याच्या सांध्याशी जुळला नाही, तर पाय मुडपताना पट्टी वरखाली सरकून कातडी सोलते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथे तर काहीच दाबता कामा नये. त्याला लागून नस जाते. ती दाबली गेली की पाऊल लुळं पडतं. मूल वाढतं म्हणून पट्ट्या दोन तुकड्यांच्या, जादा भोकं पाडलेल्या. उंची वाढली की स्क्रू काढून एक भोक पुढे.

खानापूरकडची एक मुलगी पावसाळ्यात सारखी पडायची. पाय आणखी कमजोर झाला, असं घरच्यांना वाटलं. सरांनी आधी कॅलिपरचं लॉक पाहिलं, उभं राहताना गुडघा ताठ धरून ठेवणारं. चिखल वाळून कडी अर्ध्यावरच अडकत होती. उभं राहताना लॉक लागल्यासारखं वाटायचं आणि भार पडताच गुडघा मुडपायचा. रॉकेलने धुऊन, कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं की धूळ धरते. हे सगळं त्यांनी त्या मुलीच्याच हातून करून घेतलं. आईला मराठीतून समजावलं. बैलहोंगलकडचं कुणी आलं की तेच कानडीतून.

पट्ट्यांसाठी चामडं अथणीकडचं, झाडाच्या सालीत कमावलेलं. ते पायाचा आकार घेतं, पण भिजल्यावर चुलीजवळ वाळवलं तर तडकतं. सावलीतच वाळवा, हे सर प्रत्येकाला बजावत.

त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं आज हुबळी, कोल्हापूर, पुण्यात हेच काम करतात. इथल्या शेडला मात्र कुलूप आहे, याचं फार वाईट वाटतं. शिबिरात मिळणारं प्लॅस्टिकचं कॅलिपर हलकं असतं, बुटाच्या आतही बसतं. पण शिबिर उठल्यावर ते घासायला लागलं तर दाखवायचं कुणाला? देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, म्हणून गरज संपली असं नाही. सरांच्या वेळची मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, कॅलिपर लावूनच कामाला जातात.

महोत्सवाच्या निधीतून चामडं शिवायचं मशीन दुरुस्त करून घ्यावं, मापांच्या कागदांची भेंडोळी वाळवीपासून वाचवावीत आणि आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी शेड उघडावी. बाजाराचा दिवस ठेवला तर खेड्यांतून येणाऱ्यांची एक खेप वाचेल.